किल्ली कोणाच्या हातीं?

असाध्य दुखण्याचा प्रसंग ज्या घरीं कधींच आला नाहीं असें कुटुंब विरळाच. आमच्या घरींहि तो येऊन गेला. आमच्या वडील काकूंस हाडांत पसरलेल्या कर्करोगानें असह्य वेदना होत. एके रात्रीं रुग्णालयांत डॉक्टरांनीं त्यांस मॉर्फीन लिहून दिलें. औषध कपाटांत होतें, किल्लीहि होती. परंतु पाळीवरील परिचारिका कपाट उघडावयास धजेना. "दुसऱ्या सहीला माणूस नाहीं, उद्यां हिशेब चुकला तर मी तुरुंगांत जाईन," एवढेंच ती पुनःपुन्हा म्हणे. दोन तास काकू पदराचा बोळा दांतांत धरून पडून होत्या. त्या मुलीवर आम्ही फार रागावलों, हें कबूल केलें पाहिजे. मागाहून विचार करितां ध्यानांत आलें कीं, दोष तिचा नव्हता. नियम काय आहे हें तिला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

ही भीति निराधार नव्हे. १९८५ सालीं मादक द्रव्यांचा कायदा झाला, त्यांत मोठ्या गुन्ह्यांस निदान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली गेली. मॉर्फीन ठेवावयाचें तर रुग्णालयास अनेक परवाने निरनिराळ्या खात्यांकडून मिळवावे लागत; एक हातीं येई तों दुसऱ्याची मुदत संपे. पुष्कळांनीं तें औषध ठेवणेंच सोडून दिलें. आणि हें घडलें कोठें? तर जेथें मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते आणि औषधांकरितां परदेशींहि जाते, त्या आपल्याच देशांत! विहीर घरची, आणि तहानलेलें माणूसहि घरचेंच, अशी ही स्थिति होती.

२०१४ सालीं कायदा सुधारण्यांत आला. मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन हीं सहा औषधें अत्यावश्यक ठरलीं, आणि २०१५ च्या नियमांनीं अनेक परवान्यांच्या जागीं राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता आली. मात्र अशा मान्य संस्थेंत वेदनाशमनाचें शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा व औषधाचा हिशेब चोख असावा, अशी अट आहे. म्हणजे कायद्यानेंच शिक्षणास अग्रस्थान दिलें आहे.

परंतु एक डॉक्टर शिकला म्हणजे काम झालें असें नव्हे. रात्रीं किल्ली असते ती परिचारिकेच्या कमरेला. कपाटांतून काढलेली प्रत्येक कुपी रुग्णाचें नांव, मात्रा व वेळ यांसह वहींत कशी लिहावी. पंधरा मिलिग्रॅमच्या कुपींतून दहाच दिले तर उरलेले पांच साक्षीदारासमक्ष नष्ट करून तशी नोंद कशी करावी. पाळी बदलतांना दोघींनीं मिळून साठा कसा मोजावा. कुपी फुटली किंवा मोजणींत कमी आली तर लपवालपव न करितां कोणास कळवावें. आणि रात्रीं दुसरी सही कोणाची, हें सर्व तिला आधींच ठाऊक पाहिजे. त्याबरोबरच वेदनेसाठीं ठरल्या वेळीं योग्य मात्रेनें दिलेलें मॉर्फीन म्हणजे व्यसन नव्हे, बद्धकोष्ठावर उपाय पहिल्या दिवसापासून योजावा, श्वास मंदावूं लागला तर काय करावें, हेंहि तिला शिकविलें पाहिजे. ज्याला हिशेब येतो त्याला वहीची भीति वाटत नाहीं. उलट तीच वही त्याची साक्ष होते.

असें शिक्षण दिलें तर औषध बाहेर फुटेल, अशी शंका कोणी घेतील. कालिकत येथें १९९३ सालीं स्थापन झालेल्या वेदनाशमन संस्थेचा अनुभव त्यांनीं पाहावा. तेथें दोन वर्षांत १,७२३ रुग्णांस पोटांत घेण्याचें मॉर्फीन घरीं देण्यांत आलें. गैरवापराचें वा चोरट्या विक्रीचें एकहि उदाहरण आढळलें नाहीं. हा वृत्तांत २००१ सालीं 'लॅन्सेट' या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत आला.

आतां आपणांकडे पाहूं. अशा गोळ्या घरीं आल्यास त्या देवघराच्या फडताळांत किंवा मुलांच्या हातीं लागतील अशा जागीं ठेवूं नयेत. कुलुपांत ठेवाव्या, घरांतील एकाच जाणत्या माणसानें मोजून द्याव्या, आणि रुग्ण गेल्यावर उरलेल्या कोणा शेजाऱ्यास उपयोगी पडतील म्हणून न ठेवतां रुग्णालयास विचारून परत कराव्या. आमच्या वाचकांत रुग्णालयांचे विश्वस्त व देणगीदारहि आहेत. नवें यंत्र घेण्यासाठीं पैसा देण्यापूर्वीं त्यांनीं एवढेंच विचारावें: रात्रीं दोन वाजतां येथें मॉर्फीन मिळतें कां, आणि तें देणारीस कोणीं शिकविलें आहे?

त्या रात्रीं अखेर वरिष्ठ परिचारिका आल्या, सही झाली, आणि अर्ध्या तासांत काकूंनीं पदर सोडला. त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा: "ती पोर जेवली कां रे?" आमचा राग तेथेंच ओसरला.