आठवड्याचा आहार आणि स्मृती

चमचमीत खाण्याचे दुष्परिणाम दिसावयास वर्षे लागतात, हा समज आता सोडावयास हवा. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने सडपातळ, निरोगी अशा ११० तरुणांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाने आठवडाभर स्निग्धांश व साखर विपुल असलेला आहार घेतला. त्या गटाची स्मरणशक्ती मंदावली; शिवाय पोट भरल्यावरही खाण्याची इच्छा पुरेशी ओसरेना. स्मृती जपणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग भुकेलाही लगाम घालतो. तीन आठवड्यांनी परिणाम ओसरला खरा. पण ज्यांचा हा नित्याचाच आहार, त्यांचे काय? लगामच सैल पडल्यावर मनोनिग्रहाचा उपदेश अपुरा ठरतो. म्हणूनच शाळेभोवती ५० मीटरांत अशा पदार्थांची विक्री रोखणारा २०२० चा भारतीय नियम कागदावरच राहता कामा नये.