धडधाकट पाय मोडून उंची घ्यायची का?

वस्तीतली पोरं हल्ली आम्हाला एक नवा प्रश्न विचारतात. "ताई, ऑपरेशन करून उंची वाढते म्हणतात, खरं का?" पूर्वी हाच प्रश्न पावडरीबद्दल असायचा, बारला लटकण्याबद्दल असायचा. आता हातात मोबाईल असतो आणि त्यावर व्हिडिओ. आधी पाच फूट चार इंचाचा मुलगा, लगेच पुढे तोच मुलगा पाच फूट सात, सूट-बूट घातलेला. मधले महिने व्हिडिओत नसतात. आम्ही हाडांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. त्या मधल्या महिन्यांची ड्रेसिंगं आमच्या हातांनी झालेली आहेत, म्हणून यावेळी त्याबद्दलच लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, उंची वाढते. ते खोटं नाही. पण पायांवर ज्यांचं पोट चालतं अशा घरातल्या मुलाने दोन-तीन इंचांसाठी धडधाकट पाय मोडून घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि हे आम्ही फक्त पैशामुळे म्हणत नाही.

ही शस्त्रक्रिया मुळात उंचीसाठी निघालीच नव्हती. रशियात सायबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हाडं न जुळलेले, पाय वाकडे झालेले सैनिक त्यांच्याकडे यायचे. पायाभोवती धातूच्या रिंगा आणि हाडातून आरपार तारा, अशी चौकट त्यांनी १९५० च्या सुमारास बसवली. हाड कापून हळूहळू ताणलं तर मधल्या फटीत शरीर स्वतः नवं हाड भरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पोलिओने एक पाय आखूड राहिलेली मुलगी, अपघातात हाडाचा तुकडाच गेलेला मजूर, जन्मतः वाकडा पाय असलेलं बाळ, यांना या पद्धतीने उभं केलेलं आम्ही पाहिलं आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या लेखाने घाबरून जाऊ नका. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत जरूर दाखवा. तिथे ती शस्त्रक्रिया म्हणजे उपचार आहे.

तीच गोष्ट चांगल्या पायांवर करतात तेव्हा काय होतं, ते नीट समजून घ्या.

मांडीचं किंवा नडगीचं हाड कापतात, दोन्ही पायांचं. पाच-सात दिवस थांबतात. मग कापलेले तुकडे रोज एक मिलिमीटर लांब सरकवतात, तेही एकदम नाही, बहुधा पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. बाहेरची चौकट असेल तर पाना लावून नट फिरवायचा, आणि तो घरच्यांनाच शिकवून ठेवतात. हाडाच्या आत सळई घालायची दुसरी रीत आहे, ती फार महाग. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. तेवढ्यासाठी पन्नास दिवस नुसतं ताणणं. पुढे ते कच्चं हाड पक्कं व्हायला दर सेंटिमीटरमागे साधारण एक महिना, कधी त्याहून जास्त. तोवर वॉकर आणि कुबड्या. धावणं, ओझं उचलणं याला वर्षही लागतं.

हाड वाढतं, पण स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या आपणहून तेवढ्या लांबत नाहीत, त्यांना ओढावं लागतं. म्हणून रात्री झोप लागत नाही. नडगी ताणली की टाच वर खेचली जाते, पाऊल घोड्याच्या खुरासारखं टेकतं. रोज व्यायाम करून घेणारं कुणी नसेल तर ते तसंच राहून जातं आणि मग त्यासाठी आणखी एक ऑपरेशन. पिना जिथे कातडीतून आत जातात तिथे पू होणं तर नेहमीचंच. तो जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला की गोष्ट वर्षांवर जाते. नस ताणली गेली तर पाऊल लुळं पडू शकतं. फटीत हाड भरलंच नाही असंही होतं, मग कमरेचं हाड काढून तिथे लावतात. रक्ताची गुठळी किंवा हाडातली चरबी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. हे सगळ्यांना होतं असं आम्ही म्हणत नाही. पण निरोगी माणसाने स्वतःहून ओढवून घ्यावं असं यात काय आहे? आणि हात? हात तेवढेच राहतात. पाय लांब, हात आखूड, ते दिसतंच.

आता हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत आणून बघा. सार्वजनिक संडासात उकिडवं बसावं लागतं. दोन्ही पायांत रिंगा असलेला माणूस उकिडवा बसू शकत नाही, म्हणजे कित्येक महिने बेडपॅन, आणि ते उचलणार आई. माळ्यावर झोपायचं तर लोखंडी शिडी. पावसाळ्यात गल्लीतून पाणी वाहतं आणि आम्ही घरच्यांना सांगणार, पिनांच्या जागा रोज स्वच्छ ठेवा. ड्रेसिंग कोण करणार? जी बाई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला निघते, तीच. म्हणजे तिची दोन कामं सुटली. मुलाचा पगार बंद, आईचा अर्धा, आणि वर कर्जाचा हप्ता चालू. खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शोभेची शस्त्रक्रिया बसत नाही. पहिल्या ऑपरेशनचा आकडा जाहिरातीत असतो, दुसऱ्याचा नसतो.

२०१६ मध्ये हैदराबादला एका तरुणाने घरी न सांगता हे करून घेतलं होतं. आई-वडिलांना कळलं तेव्हा पाय कापून झाले होते. खूप गाजलं ते प्रकरण. आम्हाला त्या मुलाला दोष द्यायचा नाही. तो सज्ञान होता, सही त्याची होती. पण घरच्यांपासून लपवावीशी वाटेल इतकी लाज उंचीची का वाटावी, हा प्रश्न राहतोच.

आपल्याकडे ती लाज दोन दारांतून येते. एक दार भरतीचं.

पोलीस शिपाई भरतीला पुरुषांना १६५ सेंटिमीटर आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. पहाटे पाचला मैदानावर धावणारी आपली पोरं-पोरी बघा. दोन-दोन वर्षं तयारी करतात, पुस्तकं पाठ, गोळा फेकून हात सुजलेले, आणि मोजणीच्या फळीखाली १६३ भरतात. विहारातल्या बैठकीनंतर एक मावशी आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पोरगं म्हणतं गावाकडचं अर्धा एकर विकू आणि पाय वाढवू. विकू का?" आम्ही त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. विकू नका. त्या भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं. मोडून जोडलेल्या पायांनी पहिल्यासारखं धावता येईल याची हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. आणि वैद्यकीय तपासणीत नडगीवरचे व्रण आणि हाडातली सळई लपत नाही.

त्याआधी उंची नीट मोजून घ्या. घरातली टेप भिंतीला तिरकी धरली की दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात पट्टी. सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. एवढं करूनही कमी भरली तर वनरक्षकाची अट पाहा, ती पुरुषांना १६३ आणि महिलांना १५० आहे. तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, तंत्रज्ञ यांना कुणी फळीखाली उभं करत नाही.

पण आमचा राग त्या फळीवर वेगळ्याच कारणाने आहे. वीस वर्षांच्या मुलाची उंची मोजतात तेव्हा त्यात त्याची दोन वर्षांच्या वयातली भूकसुद्धा मोजली जाते. उंची थोडी आई-बापाकडून येते, हे खरं. पण गर्भात आल्यापासून दोन वर्षांपर्यंतचे जे साधारण हजार दिवस आहेत, त्यात आईचं रक्त कमी असलं, बाळाला वारंवार जुलाब झाले, वरच्या खाण्यात नुसतं बिस्किट आणि चहा असला, तर ते मूल खुंटतं आणि पुढे ते पुरतं भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. पुढच्या, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तो आकडा ३५.२ झाला. कमी व्हायचा तो वाढला. मुंबई-पुण्यात टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या त्याच काळात. हे आकडे कुणाच्या वस्तीतले, ते आम्ही सांगायला नको. त्या दोन वर्षांत सरकारने द्यायचं राहिलेलं वीस वर्षांनंतर जमीन विकून, नडगी कापून वसूल करायचं, हा कुठला न्याय?

म्हणून ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी अंगणवाडीत फक्त वजन करून परत येऊ नये. उंचीही मोजायला लावा, कार्डावर लिहून घ्या, मिळणारा आहार मागून घ्या. मूल शाळेत जाऊ लागलं की दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर रेघ मारा. चार ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. थायरॉइडचा त्रास, जुनाट जुलाब, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता अशी कारणं असू शकतात आणि त्यांवर वेळेत उपचार होतात. वेळ महत्त्वाची. हाडांच्या टोकाचा वाढीचा भाग मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाला आणि मुलांमध्ये अठराच्या आसपास मिटतो. त्यानंतर कुठलीही पावडर उंची वाढवत नाही. उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणावजा औषधांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे, तरी स्टेशनबाहेरच्या भिंती त्या जाहिरातींनी भरलेल्या असतात.

एवढं वाचूनही कुणाचं मन मानत नसेल, तर सही करण्यापूर्वी ज्या डॉक्टरचा यात काही फायदा नाही अशा दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरला भेटा. किती जणांना दुसरं ऑपरेशन लागलं, त्याचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. आणि उंचीचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, आरशासमोर जाणं, मित्रांत मिसळणं बंद झालं असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चीनमध्ये २००६ साली आरोग्य मंत्रालयाने केवळ उंचीसाठी ही शस्त्रक्रिया करायला मनाई केली. तिथेही नोकरीच्या जाहिरातीत उंची मागायचे, तिथेही लग्नात उंची बघायचे.

लग्नाचं ते दुसरं दार. याबद्दल आपल्या माणसांशी भांडावंच लागेल. हुंडा नको, पत्रिका नको, गुण जुळवणी नको म्हणणारे आपण. मग वधू-वर मेळाव्यात माईकवरून "मुलगा पाच-चार, मुलगी पाच-एक" असं पुकारतो कशाला? मुलगी नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच असली तर फोटोत काय बिघडतं? ठेंगू, बुटक्या, गिड्डा या हाका आपल्याच गल्लीत, आपल्याच मामा-काकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येतात. तीच पोरं पुढे तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. आणि याच मासिकाच्या शेवटच्या पानावर वधू-वर सूचीत शिक्षण आणि नोकरीच्याही आधी उंचीचा रकाना असतो. तो काढून टाकावा असं पत्र आम्ही संपादकांना दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. वाचकांनीही एकेक पोस्टकार्ड टाकावं.