काकाही चुकले, सरही चुकले

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षे काढूनही ज्याचे नाव निवड यादीत लागले नाही, त्याला दोन निकाल ऐकावे लागतात. गावाकडचे काका म्हणतात, वर्षे मातीत गेली. क्लासचे सर म्हणतात, काहीच वाया जात नाही. चिकाटी, नियोजन, व्यक्तिमत्त्व कुठेही कामाला येते. (सरांची फी आधीच जमा झालेली असते, हे जाता जाता.)

आधी सरांचे पाहू. कौशल्य आपोआप दुसऱ्या कामात उतरत नाही. नजरेने क्षेत्रफळ अजमावण्याचा सराव केलेली माणसे आकृत्या बदलल्या की तितकी सरस राहत नाहीत, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच दाखवले. दोन कामांत जेवढे समान, तेवढाच जुना सराव उपयोगी. इतके लांब तरी कशाला जा? राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरले, तेव्हा 2023 मध्ये पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत 2025 पर्यंत लांबली. राज्यघटना तीच, इतिहास तोच; पण चार पर्यायांतून एक निवडायला सरावलेल्याला उत्तर लिहून काढायची सवय नव्हती. एकाच परीक्षेत ही गत, मग ‘चिकाटी’ कंपनीच्या दारात आपली आपण कशी पोचणार?

पण म्हणून काकाही बरोबर ठरत नाहीत. याच मुलाच्या हातात एखादा शासन निर्णय द्या. प्रस्तावनेत न रेंगाळता तो निकषांवर जातो; पात्र कोण, कागदपत्रे कोणती, मुदत कधीची, मंजुरी कोणाची, हे पानभरात उतरवतो. निर्णयाच्या सुरुवातीला दिलेल्या संदर्भांवरून आधीचा कोणता निर्णय बदलला तेही सांगतो. शेतकरी उत्पादक कंपनीला, स्वयंसेवी संस्थेला, अनुदानाचे प्रस्ताव करणाऱ्या सल्लागाराला नेमका असाच माणूस लागतो. ही कमाई खरी आहे, फक्त ती ‘उत्तम संवादकौशल्य’ असल्या शब्दांखाली बायोडाटात गाडली जाते.

अभ्यासिकेत न मिळणाऱ्या गोष्टीही आहेत: एक्सेल, फोनवरचा पाठपुरावा, दरासाठी घासाघीस. त्या शिकाव्याच लागतील.

तेव्हा मित्रांनो, बायोडाटातून विशेषणे काढा आणि कामे लिहा. जिथे जायचे आहे तिथल्या माणसाला विचारा, दिवसभर नेमके काय करता? त्यातले आपण आधी काय केले आहे ते दाखवा, उरलेले शिकायला घ्या. आणि हे परीक्षेची पुढची जाहिरात निघण्याची वाट न पाहता करा.