गावाचा हिशेब कोणाच्या हातात? एम.कॉम. सरपंचाची गोष्ट आणि नंदुरबारच्या ग्रामसभा

नंदुरबार : ग्रामसभेत एखादा तरुण उठून विचारतो, "निधी आला किती आणि गेला कुठं?" सगळे गप्प होतात. सरपंचताई ग्रामसेवकाकडे पाहतात, ग्रामसेवक कपाटाकडे पाहतो. मग कोणीतरी म्हणतं, "ऑनलाइन आहे सगळं, बघून घ्या." प्रश्न तिथंच संपतो. अक्कलकुवा असो, धडगाव असो की नवापूर, हे चित्र अनेकांच्या ओळखीचं आहे.

पैसा येत नाही असं आता म्हणता येत नाही. १५व्या वित्त आयोगाचा निधी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या काळासाठी होता. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना ठरला, तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. २०२१-२२ पासून त्यातली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, बाकी ४० टक्के अबंधित. १ एप्रिल २०२६ पासून अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालच्या १६व्या आयोगाचा पाच वर्षांचा काळ धरला आहे. शिवाय पेसा गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता आणि जल-वनसंवर्धन यांवर खर्च करायचा असतो, आणि काय करायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं असतं. अडचण आहे ती आलेला पैसा वाचता येण्याची, म्हणजे जमेची बाजू कोणती, खर्चाची कोणती आणि शिल्लक किती, हे गावातल्या चार माणसांना तरी कळण्याची.

इथं नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारचं उदाहरण पुन्हा पाहण्यासारखं आहे. हिवरे बाजार म्हटलं की पाणलोट, झाडं, कुऱ्हाडबंदी एवढंच लोकांना आठवतं. पण तिथले पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर, एम.कॉम. झालेले. शिक्षण शहरात, नाद क्रिकेटचा. अशा पोरानं नोकरी धरावी असंच कोणत्याही घराला वाटणार. १९८९ मध्ये ते गावी सरपंच झाले, तेव्हा गावाची ओळख दुष्काळ, दारू आणि भांडणं अशी होती. बदली झालेला कर्मचारीही तिथं यायला कां-कूं करायचा.

पुढं आदर्श गाव योजना आली, बांधबंदिस्ती झाली. अशी कामं इतर गावांतही झाली, पण ती दहा वर्षांत गाळानं भरून गेली. फरक पडला तो पाण्याच्या ताळेबंदामुळं. हिवरे बाजारात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि जमेला किती पाणी आलं ते ग्रामसभेसमोर मांडतात. मग खर्च धरतात: आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, उरलं तर रब्बीला. पाणी कमी असेल तर कोणतं पीक घ्यायचं नाही, हेही तिथंच ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे कडक नियम गावानं स्वतःवर घालून घेतले. शहादा-तळोद्याच्या केळी आणि ऊसवाल्या शेतकऱ्याला हे ऐकायला जड जाईल. तापीकाठचं गणित वेगळं आहे हेही खरं. पण मुद्दा पिकाचा नाही. जमेपेक्षा खर्च जास्त धरायचा नाही, हा दुकानदाराचा साधा नियम एका माणसानं गावाच्या पाण्याला लावला आणि तो हिशेब भिंतीआड ठेवला नाही. पवार यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचं एम.कॉम. गावाच्या कामी आलं ते असं.

नंदुरबारला ही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. हिवरे बाजार एका जागी वसलेलं छोटं गाव. सातपुड्यात एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, पाड्यापाड्यात डोंगर आणि नाला. बोली भिली, पावरी, मावची, आणि कागद मात्र सगळा सरकारी मराठीत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी.

वहीचं भय इथं जुनंही आहे. साठ-सत्तरच्या दशकात शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनी गेल्या, त्या बऱ्याचशा वहीतून आणि कागदावरच्या अंगठ्यातून. सालदाराचं साल संपायचं तेव्हा मालकाच्या वहीत त्याच्याच नावावर बाकी निघायची. किती उचल घेतली, किती फिटली, हे एकच बाजू लिहीत होती आणि तीच वाचत होती. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना लढली ती जमिनीसाठी आणि मजुरीसाठी, पण त्या लढ्यात हिशेब मागणं हेही होतंच. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्यात झाला. ज्यांच्या आजोबांनी अंगठा दिला, त्यांची नातवंडं आज हातात स्मार्टफोन घेऊन ग्रामसभेत बसतात.

आता वही संगणकात गेली आहे. ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. वित्त आयोगाचं देयक सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीनं निघतं. म्हणजे सरपंचाचं डोंगल ही गावाच्या तिजोरीची किल्ली आहे. ही किल्ली बऱ्याच ठिकाणी सरपंचाच्या घरी नसते. कुठं ती ऑपरेटरकडे, कुठं कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये, तर कुठं तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, पेसा क्षेत्रात सरपंचपद आदिवासींनाच आहे, हे कायद्यानं दिलं. पासवर्ड मात्र दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असेल तर सही कोणाची म्हणायची? यात दरवेळी कोणाची लबाडी असते असं नाही. तीन-तीन पंचायतींचा भार ओढणारा ग्रामसेवक आणि मानधनाची वाट पाहणारा केंद्रचालक, दोघंही "पटकन काम उरकू" म्हणतात. पण उद्या गैरव्यवहाराची नोटीस आली की ती सरपंचताईंच्या नावानं येते.

वेळापत्रकाचा घोळ त्याहून मोठा आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. गावाचा विकास आराखडा करायची मोहीम देशभर २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात चालते. नंदुरबारचा मजूर त्याच काळात गावात नसतो. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याचे जथ्थे ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे जातात, होळीला परततात. काही त्यानंतरही पुन्हा जातात. म्हणजे वर्षभराचं अंदाजपत्रक ठरतं तेव्हा निम्मा पाडा गुजरातच्या फडात असतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कोरम कसा भरतो, हे ज्याचं त्याला माहीत. दिल्लीत आखलेली तारीख दिल्लीला सोयीची असेल, काठीच्या राजवाडी होळीला गर्दी करणाऱ्या माणसाला ती सोयीची नाही. विशेष ग्रामसभा होळीनंतर घेता येते. कायद्यात त्याला आडकाठी नाही, पेसात तर प्रत्येक पाड्याला स्वतंत्र ग्रामसभेचा मार्ग खुला आहे.

हिशेब पाहायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ असले तरी गावकऱ्यानं सुरुवातीला तीन-चार धरले तरी पुरे. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ३ जमाखर्च, नमुना ५ रोकडवही. घराचा नमुना ८ तर सगळ्यांना ठाऊकच आहे. कर्जाला, घरकुलाला लागतो म्हणून तो माणूस मागतो, बाकीचे मागत नाही. फोनवर ई-ग्रामस्वराज आणि 'मेरी पंचायत' ॲप उघडून जिल्हा, तालुका, गाव निवडलं की मंजूर कामं आणि खर्च दिसतो. तिथं "हातपंप दुरुस्ती" लिहिलं असेल आणि पाड्यावरचा हातपंप कोरडाच असेल, तर प्रश्न नेमका विचारता येतो. "पैसे खाल्ले" असं ओरडण्यापेक्षा "या कामाचं प्रमाणक दाखवा" हे वाक्य जास्त जड पडतं. नाही दाखवलं तर माहितीचा अधिकार आहेच.

गावात दहावी-बारावीनंतर कॉमर्स केलेली पोरं-पोरी आता आहेत. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या कॉलेजांतून दरवर्षी बी.कॉम. होऊन बाहेर पडतात आणि बँकेच्या परीक्षेची वाट पाहत बसतात. यातल्या एकीनं दर ग्रामसभेआधी रोकडवहीतल्या नोंदी पाड्याच्या बोलीत वाचून दाखवल्या, तर अर्ध्या तासाचं काम आहे.

पेसा कायद्याच्या कलम ४(च) मध्ये एक गोष्ट स्पष्ट आहे: ग्रामपंचायतीनं खर्च केलेल्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं आहे. काम झालं, पैसा योग्य लागला, असं म्हणण्याचा अधिकार गावाचा. व्यवहारात हे प्रमाणपत्र आधीच टाइप होऊन येतं आणि हजेरीवहीबरोबर फिरतं. चहा येतो, सह्या होतात, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे. होळीला परतलेल्या एखाद्यानं त्या कागदावर अंगठा देण्याआधी "हे वाचून दाखव रे भाऊ" एवढं म्हटलं, तर वाचणाऱ्याला रक्कमही वाचावी लागेल.