उपवास आणि साखरेची गोळी

‘उपवासालाही साखरेची गोळी नेहमीसारखीच घ्यावी,’ हा मागील अंकातल्या पत्रातला सरसकट सल्ला धोक्याचा आहे.

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतात तयार होणारी साखर आवरते. एकटी घेतल्यास सहसा साखर फार उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. एकादशीला निरंकार राहून ती घेतली, तर दुपारपर्यंत दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अशा वेळी साबुदाण्याची खिचडी शिजायची वाट पाहू नये. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, 15 मिनिटांनी रक्तातली साखर तपासावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावं.

गोळी मनाने बंद करणंही चूकच. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्यांनी घटस्थापनेआधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.