बंडीच्या चाकाची धाव

लाकडी चाकांची बंडी पाहिलीय का? आमच्या बोरी अरबकडे कापूस तिच्यातूनच जायचा. नसेल पाहिली, तर आजोबांना विचारा.

त्या चाकावर लोखंडी पट्टी चढवतात. तिला म्हणतात धाव. ती केवढी कापायची? समजा, चाकाचा व्यास १.४ मीटर आहे. त्याची तिप्पट ४.२ मीटर घेतली, तर पट्टी वीतभर कमी पडेल! परीघ व्यासाच्या २२/७ पट धरतात, म्हणजे ४.४ मीटर. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आणि वर 'आसन्न', म्हणजे जवळपास, असंही लिहून ठेवलं. केवढा प्रामाणिकपणा!

भागाकार नको असेल, तर चाकाला खडूची खूण करा आणि पट्टीवरून एक फेरा लोळवा. झालं माप!

गंमत पुढेच आहे. लोहार धाव मुद्दाम किंचित आखूड करतो. लालभडक तापवली की ती प्रसरण पावते आणि चाकावर बसते. पाणी ओतलं की चर्रर्र करत आवळते. सैल राहिली तर? रस्त्यात निसटते, अन् भरली बंडी अडते.

आता तुमचं काम. बांगडीचं माप 'सव्वादोन', 'अडीच' असं सांगतात. ते इंच परिघाचे की व्यासाचे? आईची बांगडी, दोरा नि फूटपट्टी घ्या. मोजा बघू!