दोघांपुरती केबिन

क्रूझच्या जाहिरातीत बहुतेक वेळा चौघं असतात. आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमच्या घरात माणसं दोनच. मी आणि दहावीची परीक्षा नुकतीच देऊन मोकळे झालेले चिरंजीव. इंदूरमध्ये राहणाऱ्या आम्हा दोघांना समुद्र मुळात लांबचा, त्यात जहाजावर तीन रात्री म्हणजे फारच झालं, असं नातेवाइकांचं मत पडलं. मी मात्र बराच विचार करून ठरवलं होतं आणि जाऊन आल्यावर माझं मत अधिक पक्कं झालं आहे. एकटीनं किंवा एकट्यानं मूल वाढवत असाल आणि ते मूल तेरा ते सतरा वयाचं असेल, तर हिल स्टेशनपेक्षा जहाज बरं.

हिल स्टेशनला काय होतं ते सांगते. हॉटेलची एक खोली, दिवसभराची एक टॅक्सी आणि त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांना चिकटलेली दोन माणसं. घरात दोन पालक असले की मुलाला एकाचा कंटाळा आला तर दुसऱ्याकडे जाता येतं, मोठ्यांनाही पाळी लावता येते. आपल्याकडे ती सोय नाही. मुलाला एकटं फिरायला सोडावं तर अनोळखी गाव, न सोडावं तर तो कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत बसतो. जहाज ही हद्द आखलेली जागा आहे. ते चालू असताना मूल फार तर दोन मजले वर किंवा खाली असतं. त्याला सोडता येतं आणि आपल्यालाही कुणीतरी सोडल्यासारखं वाटतं.

आता पैशांचं. क्रूझचं भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोन माणसं धरून ते काढलेलं असतं. एकटा माणूस गेला तर त्याला रिकाम्या बिछान्याचेही पैसे भरावे लागतात. एक पालक आणि एक मूल मिळून दोन होतात, म्हणजे तो भुर्दंड आपल्याला नाही. पण ‘मुलांना मोफत’ अशी मोठी अक्षरं दिसली की खालची बारीक अक्षरं वाचा. ती सवलत बहुधा त्याच केबिनमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या बिछान्यासाठी असते. आपलं मूल दुसऱ्या बिछान्यावर, म्हणून त्याचं तिकीट पूर्ण मोठ्या माणसाचं. शिवाय बंदराचे आकार, कर, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं असू शकतं. एकूण आकडा लेखी मागा, मगच तुलना करा. दर मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते सतत बदलतात.

बुकिंग करताना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा: बिछाने वेगळे हवेत. दोन माणसांची केबिन म्हटली की ती जोडपंच समजून दोन्ही बिछाने जोडून ठेवलेले असू शकतात. आधी सांगितलं तर बऱ्याच जहाजांवर ते वेगळे करून देतात. पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर आईनं किंवा त्याच वयाच्या मुलीबरोबर वडिलांनी एवढ्याशा खोलीत राहायचं म्हणजे कपडे कुठे बदलायचे इथपासून प्रश्न असतात आणि मुलं ते तोंडानं बोलत नाहीत. बाल्कनीची केबिन महाग असते, पण तिला एक जादा दार असतं. जमत असेल तर कपड्यांच्या खरेदीत काटकसर करा आणि ते दार घ्या.

आमच्या बुकिंग एजंटाच्या फॉर्ममध्ये ‘पतीचं नाव’ असा रकाना होता. तो कोरा ठेवला म्हणून त्यानं दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा मी त्याला विचारलं की जहाज या नावावर चालतं का. त्यानंतर फोन आला नाही.

कागदपत्रांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मुंबई–गोवा किंवा लक्षद्वीप अशा देशातल्या फेरीला दोघांची मूळ फोटो ओळखपत्रं लागतात. मुलाचा जन्मदाखला आणि ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी, कुणी विचारो न विचारो. लक्षद्वीपला बाहेरच्यांना प्रवेश-परवाना लागतो, तो कोण काढणार हे आधी स्पष्ट करून घ्या. चेन्नईहून श्रीलंका किंवा सिंगापूरहून निघणारी फेरी असेल तर पासपोर्ट आलाच. पुष्कळ जणी इथेच अडतात, कारण मुलाच्या पासपोर्टवर दुसऱ्या पालकाची सही कुठून आणायची? डिसेंबर २०१६मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं आणि दुसऱ्याची संमती नसेल तर ‘अनेक्शर सी’ नावाचं घोषणापत्र साध्या कागदावर भरून देता येतं. मात्र कोर्टाच्या आदेशात मुलाला देशाबाहेर नेण्यावर अट असेल, तर आधी वकिलांना भेटा, तिकीट नंतर. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच परतणाऱ्या फेरीसाठी व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा, हेही पाहून ठेवा.

आईला बातमी सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा ‘रामदास’ म्हणाली. आईचं माहेर अलिबागकडचं आणि तिकडच्या घरांत ही बोट अजून बुडालेली नाही. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आईनं ते पाहिलेलं नाही, तिच्या आईकडून ऐकलेलं आहे. तिला मी सांगितलं की आपण पावसाळ्यात जात नाही आहोत. पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम पाऊस संपल्यावर सुरू होतो, जुन्या कोकण बोटींचंही तसंच असायचं. मुंबईहून निघणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९०चं. ‘रॉयल कॅरिबियन’ कंपनीनं ते अनेक वर्षं परदेशात चालवलं आणि २०२१पासून ते ‘कॉर्डेलिया’च्या नावानं आपल्याकडे फिरतं आहे. आईला या तपशिलानं फार धीर आला नाही. जुनं आहे म्हणजे, एवढंच म्हणाली.

तिची भीती उडवून लावण्यासारखी नव्हती, म्हणून सुरक्षेची कवायत मी नीट लक्ष देऊन केली आणि चिरंजीवांनाही करायला लावली. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण गेले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. आता नियम असा आहे की ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. प्रत्येक केबिनला जमायची जागा ठरवून दिलेली असते. आमच्यासारख्या दोघांसाठी यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. भोंगा वाजला तर एकमेकांना शोधायला जायचं नाही, दोघांनी थेट ठरलेल्या जागी पोचायचं. हे मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं. ‘तू पण येशील ना सरळ? की मला शोधत बसशील?’ असं त्यानं विचारलं. येईन म्हटलं.

इंदूरहून आम्ही अवंतिकेनं आदल्या दिवशीच मुंबईत पोचलो. जहाज कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या माणसानं गाडी वेळेवर येईल या भरवशावर त्याच दिवशी उतरू नये. बॅलार्ड पिअरला सामान द्यायचं, सुरक्षा तपासणी, कार्ड घ्यायचं, हे विमानतळासारखंच. ते कार्ड म्हणजे केबिनची चावी आणि पैसेही. जहाजावर सगळी खरेदी त्यावरच लिहिली जाते, म्हणून मुलाच्या कार्डाला मर्यादा घालता येते का ते पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारा. बार आणि कॅसिनोत त्याला प्रवेश नसतो, ती चिंता सोडा. चिंता असलीच तर कोल्ड्रिंक आणि व्हिडिओ गेमची.

पहिली रात्र त्याला बोट लागली. माझी शाळेतली मैत्रीण डॉक्टर आहे, तिला विचारून गोळी आधीच घेतली होती, तरी थोडा त्रास झालाच. अशा वेळी केबिनमध्ये पडून राहू नये, मोकळ्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघावं, पोट अगदी रिकामं ठेवू नये. बुकिंगच्या वेळी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. सकाळी त्यानं चार इडल्या खाल्ल्या.

किनारा मागे पडला की मोबाइलचं नेटवर्क जातं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कवर रोमिंगचं बिल येऊ शकतं. वाय-फायचं पॅकेज मी घेतलं नाही. त्यावरून अर्धा तास अबोला झाला. फोन नाही म्हणजे एकमेकांना गाठायचं कसं? तर आमच्या लहानपणी जसं गाठायचो तसं. एक वाजता जेवायला, सहाला वरच्या डेकवर, रात्री साडेअकराला केबिनमध्ये. बाकी वेळ ज्याचा त्याचा. मी तीन दिवसांत एक कादंबरी वाचून संपवली, जे गेल्या सहा वर्षांत झालेलं नाही. तो कुठे होता? क्लाइंबिंगच्या भिंतीपाशी आणि नंतर नाशिक आणि सुरतच्या पोरांच्या एका टोळक्यात. रात्री अकरा वीसला दार वाजलं, फ्रेंच फ्राइजचा वास आला, मी झोपेचं सोंग घेतलं.

जेवणाच्या टेबलावर सुरतचं अकरा जणांचं कुटुंब आमच्या शेजारी. शाकाहारी, जैन सगळं मिळतं, त्यामुळे काकू खुशीत होत्या. दुसऱ्याच घासाला त्यांनी विचारलं, ‘भाईसाहब नहीं आए?’ या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. माणूस पाहून मी त्यातलं एक काढते. मी काढण्याआधी चिरंजीव म्हणाले, ‘आंटी, हम दो ही हैं,’ आणि पापड मागितला. काकूंनी पापड दिला. विषय संपला. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू दर वेळी वाईट असतो असं नाही, पण दर वेळी उत्तर द्यायलाच हवं असंही नाही.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. पणजी आणि उत्तरेचे किनारे तिथून लांब आणि हाताशी काहीच तास. मुलाला विमानांचं वेड असेल तर दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघा. अंगणात ‘सी हॅरियर’ आणि भलंमोठं ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ उभं आहे. सोमवारी बंद असतं.

परतीच्या प्रवासात पहाटे पाच-साडेपाचला आम्ही दोघंही जागे होतो. डेकवर कुणी नव्हतं. काळोखात लांबवर एक दीपगृह चमकत होतं. कुठलं ते आम्हाला कळेना आणि फोनवर बघायची सोय नव्हती. कठड्याला टेकून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘आई, अकरावी पुण्यात करू का? बाबांकडे राहून.’

मी विचारलं, ‘किती दिवसांपासून मनात आहे?’

‘दिवाळीपासून.’

दिवाळीपासून मार्च. इतके दिवस आम्ही रोज एका टेबलावर जेवत होतो. मी काय बोलले ते थोडंच होतं. त्याला का जायचंय ते विचारलं आणि मधे बोलले नाही. क्लासेस, मित्र, बाबांबरोबर राहून बघायचंय, असं सगळं त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, ‘पण मग तू एकटी.’ त्यावर मी म्हटलं की तो तुझा प्रश्न नाही, तो माझा आहे आणि मी तो बघेन. आवाज नीट राहिला याचं मला समाधान आहे. घरी असतो तर त्याच क्षणी माझा नाहीतर त्याचा फोन वाजला असता किंवा गॅसवर काहीतरी उतू गेलं असतं. इथे जायला जागाच नव्हती. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या मुंबईत उतरल्यावर टर्मिनलमध्ये मिळतात. सकाळी घालायचे कपडे, औषधं आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत काढून ठेवा. कार्डाचा हिशेबही त्याच रात्री तपासा, सकाळी काउंटरवर रांग असते. आमच्या बिलात दोन कॉफ्या जादा होत्या, सांगितल्यावर लगेच कमी केल्या.

मुंबईच्या जवळ आल्यावर नेटवर्क आलं. त्यानं पुण्यातल्या अकरावी प्रवेशाच्या तारखा शोधून मला दाखवल्या. मी त्याला इंदूर–पुणे गाडीचं वेळापत्रकही काढायला सांगितलं.